देव सध्या कुठं आहे? नळदुर्गच्या चटकदार गोष्टी

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. पावसाळ्यात इथं उतरणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी एकच विचारतो, "धबधबा चालू आहे का?" किल्ला बघतो, फोटो काढतो, चहा पितो आणि पुन्हा गाडीत बसतो. गावाचा स्वतःचा प्रश्न मात्र निराळा आहे आणि तो धबधब्याहून कितीतरी गमतीचा आहे: "देव सध्या कुठं हाय?"

तो नीट कळला की नळदुर्ग कळायला लागतं. म्हणून आधी तोच घेऊ.

एक मूर्ती, दोन देवळं

नळदुर्गचं खंडोबाचं देऊळ मैलारपूर भागात, बोरी नदीच्या काठी आहे. दुसरं देऊळ शेजारच्या अणदूर गावात. देवळं दोन, मूर्ती मात्र एकच. खंडोबाराया वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला राहतात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मुक्काम हलवायची वेळ आली की दोन्ही गावांचे मानकरी एकत्र बसतात, रीतसर लेखी करार होतो आणि मग देव पालखीतून निघतो. करार तोंडी नाही, लेखी! देव सांभाळायला घेतला आणि ठरल्या दिवशी परत दिला, याची कागदावर नोंद.

मला ही प्रथा फार मोलाची वाटते. एका मूर्तीवर दोन गावांचं प्रेम असलं की भांडणाला किती जागा असते, हे कुणाला सांगायला नको. इथं त्या भांडणाच्या जागी कागद आला, तारीख आली आणि मिरवणूक आली. एका गावात निरोपाचे डोळे ओले आणि दुसऱ्या गावात भंडाऱ्याची उधळण, तीही एकाच रात्रीत.

नळदुर्गची मोठी यात्रा भरते पौष पौर्णिमेला, म्हणजे देव मुक्कामाला असतानाच. त्या दिवसांत मैलारपूरची वाट पिवळीजर्द होते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून आणि तेलंगणातून माणसं येतात. उंच काठ्या नाचवत आणलेल्या, वाघ्या-मुरळींची गाणी, खोबऱ्याचे तुकडे, भंडाऱ्याची पाकिटं, घोंगड्या, रेवड्या आणि पाळणे. यात्रा संपली तरी कपड्यांच्या शिवणीत अडकलेला भंडारा पुढं कितीतरी धुण्यांत निघत राहतो.

लग्न इथलं

खंडोबाचं लग्न कुठं झालं, असं विचारलं तर बरेच जण पाली सांगतील. म्हाळसेचं लग्न साताऱ्याजवळच्या पालीचं, ते बरोबरच. पण बाणाईचं लग्न लोककथा नळदुर्गात लावते. धनगराची ही लेक चंदनपुरीची. देव तिच्यासाठी मेंढरं राखायला राहिला आणि अखेर लग्न लागलं ते इथं. गावाच्या नावातला नळ म्हणजे नळ-दमयंतीचा नळराजा असं गाव सांगतं, आणि दमयंतीच्या भक्तीसाठी देव इथं आला, अशीही कथा आहे.

आणि 'मैलार' म्हणजे? ते खंडोबाचंच कानडी मुलखातलं नाव. यात्रेत ज्याचा गजर होतो त्या 'येळकोट'मधलं 'येळ' म्हणजे कानडीतलं सात. येळकोट म्हणजे सात कोटी. भंडारा उधळणारा मराठी माणूस कानडीत आकडा मोजत असतो. सीमेवरच्या गावाला यात नवल वाटत नाही, मला मात्र दरवेळी वाटतं.

ताजमहालाच्या आधीचा पाणीमहाल

आता धबधब्याकडे. नळदुर्गचा भुईकोट महाराष्ट्रातल्या सगळ्यांत मोठ्या भुईकोटांपैकी एक. तटबंदीचा घेर सुमारे तीन किलोमीटर, बुरूज ११४. किल्ल्याच्या शेजारी रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला, आणि दोघांच्या मधून वाहते बोरी.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने या दोन किल्ल्यांच्या मध्ये नदीवर दगडी बंधारा घातला. एवढं तर कुणीही राजा करतो. पण त्याच्या कारागिराने, मीर इमादीनने, बंधाऱ्याच्या पोटात महाल बसवला. वर्ष १६१३. आग्ऱ्याचा ताजमहाल उभा राहायला लागला त्याच्या जवळपास दोन दशकं आधीचं हे काम आहे आणि विजापूरचा गोलघुमट तर याहूनही धाकटा.

बंधारा भरला की पाणी दोन ठिकाणांहून खाली कोसळतं. एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. पायऱ्या उतरून महालात गेलं की डोक्यावर नदी असते, समोर सज्जा असतो आणि सज्ज्यापुढं पाण्याचा पडदा. आवाजाने छाती हादरते, शेजारच्याशी खुणेनंच बोलावं लागतं आणि तरीही अंग कोरडं राहतं. दगड काळा बसाल्ट. चारशे वर्षं पुराच्या धडका खाऊनही ही खोली जागची हललेली नाही. पाणीपुरवठा, संरक्षण आणि करमणूक ही तिन्ही कामं एका भिंतीकडून करून घेतलेली आहेत.

हा इब्राहिम आदिलशहा म्हणजे 'किताब-ए-नौरस' लिहिणारा संगीतवेडा सुलतान. त्या ग्रंथात त्याने गणपतीला आणि सरस्वतीला वंदन केलं आहे. असा माणूस बंधारा बांधताना पाण्याचा आवाज ऐकायला एक खोली काढतो, हे मला अगदी पटतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा भाग कमी पावसाचा. वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच नर-मादी पूर्ण रूपात दिसतात. एखादं वर्ष कोरडंही जातं. म्हणून धरण भरल्याची बातमी आली की सोलापूर आणि धाराशिवच्या माणसांची रविवारची आखणी लगेच ठरते.

किल्ल्यात आणखी काय

हुलमुख दरवाजा. नऊ पाकळ्यांचा बुरूज, वरून बघितलं तर दगडी फूलच. सगळ्यांत उंच उपळ्या बुरूज, त्यावर लांबलचक तोफा. एक हत्ती तोफ, एक मगर तोफ. अंबरखाना, बारादरी, मशीद. आणि कोर्टसुद्धा! मुन्सिफ कोर्टाची इमारत किल्ल्यातच आहे. म्हणजे एक काळ असा होता की बांधाच्या भांडणासाठी तारखेला यायचं तर ते तोफा आणि तट ओलांडून.

आदिलशाहीत या किल्ल्याचं नाव 'शाहदुर्ग' होतं. कागदावर राहिलं, लोकांच्या तोंडी काही बसलं नाही.

पूर्वी जिल्ह्याचंच नाव नळदुर्ग होतं

आज नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातलं नगर परिषदेचं गाव. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सगळा जिल्हाच नळदुर्ग या नावाने ओळखला जाई. पुढे जिल्हा उस्मानाबाद झाला आणि २०२३ साली धाराशिव.

१८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला आणि कारभार बघायला आला कर्नल फिलिप मेडोज टेलर. ठगांवरच्या त्याच्या गाजलेल्या कादंबरीला, १८३९ सालच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'ला, तेव्हा चौदा वर्षं झाली होती. १८५७ पर्यंत तो इथं होता. जमिनीची मोजणी, रस्ते, महसूल हे त्याचं दिवसाचं काम. पुढे १८६३ मध्ये त्याची 'तारा' ही कादंबरी आली, तिची नायिका तुळजापूरची. या मुलखातली माणसं आणि देवळं त्याच्या मनात किती खोल उतरली होती ते त्यातून दिसतं. १८६० मध्ये नळदुर्ग पुन्हा निजामाकडे गेलं. सात वर्षांची ही इंग्रजी अमदानी गावातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

१३ सप्टेंबर १९४८

ही गोष्ट मात्र प्रत्येक शाळकरी पोराला तोंडपाठ असायला हवी.

हैदराबाद संस्थानावरच्या कारवाईत सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली चकमक झाली ती नळदुर्गला. पहाटेच्या हालचालीत बोरीवरचा पूल शाबूत हाती लागणं फार गरजेचं होतं. पूल उडवला गेला असता तर रणगाडे पलीकडे गेलेच नसते. पूल शाबूत मिळाला. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला चढवला. सकाळी नऊपर्यंत चिलखती गाड्या पुढच्या जळकोटात होत्या आणि दुपारी उमरग्यात.

त्या दिवशी हवालदार बचित्तर सिंग यांच्या मांडीत नळदुर्गजवळ मशीनगनच्या गोळ्या घुसल्या. तरी ते सरपटत पुढे गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली आणि तिथंच प्राण सोडला. मागे हटायला त्यांनी नकार दिला होता. देशातल्या पहिल्या अशोकचक्र मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. पंजाबचा हा जवान मराठवाड्याच्या मातीत, मराठवाडा मुक्त व्हायच्या चार दिवस आधी पडला. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करताना त्यांचं नाव नळदुर्गात मोठ्याने घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

येळवस: सगळं गाव रानात

किल्ला, लढाई पुरे. आता जेवणाचं बोलू. मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव-लातूरकडच्या गावांत दुपारी गेलात तर संचारबंदी लागली आहे की काय असं वाटेल. दुकानं बंद, रस्ते ओस. सगळे गेलेत रानात. ही वेळ अमावस्या, इथल्या बोलीत येळवस. सणाला कानडी मुलखाचा वारसा आहे.

रानात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे आणि पूजा करायची. मग पंगत. भज्जी हा या दिवसाचा राजा: ताकात कालवलेलं डाळीचं पीठ आणि त्यात तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, हिरव्या पालेभाज्या, गाजरं, हाताला लागेल ते शेतातलं. सोबत बाजरीचे उंडे, खिचडा, शेंगांची पोळी आणि बिंदग्यात आंबवलेली ताकातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आदल्या दिवशीच सांगून ठेवतो, "उद्या आमच्याकडं यायचं बगा." त्या दिवशी कुणाच्याही बांधावरून जाताना जेवल्याशिवाय सोडत नाहीत. जिल्हा या दिवशी स्थानिक सुट्टी घेतो, आणि ती अगदी योग्य आहे.

चौरस्त्यावरचं गाव

एकीकडे सोलापूर, दुसरीकडे उमरगा आणि हैदराबाद, तिसरीकडे तुळजापूर, चौथीकडे अक्कलकोट. आई भवानीचं दर्शन आणि स्वामी समर्थांचं दर्शन एकाच दिवसात करणारे भाविक इथूनच जातात. आश्विन पौर्णिमेच्या आधी कर्नाटकातून आणि तेलंगणाकडून तुळजापूरला पायी निघालेली माणसं याच वाटेवर असतात. बायाबापड्या, पोरं, डोक्यावर गाठोडी, पायाला चिंध्या. वाटेवरची गावं चहा-फराळ देतात, पाणी देतात, पाय शेकायला जागा देतात.

चार वाटांनी माणसं आली की भाषाही चार वाटांनी येते. नळदुर्गच्या बाजारात मराठी, दखनी आणि कानडी एकाच सौद्यात ऐकू येतात. मराठीसुद्धा इथली खास: "काय करायलाव मामा?" "काय नाही, जायलाव गावाला." पुण्याच्या माणसाला हे 'करायलाव, जायलाव' क्षणभर अडखळवतं, इथल्या माणसाला मुंबईत कुणाच्या तोंडून ते ऐकू आलं तर तो गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचतो.

तुम्ही याल तेव्हा

धबधब्यासाठी यायचं तर भर पावसाळ्यात, धरण भरल्याची खात्री करून. यात्रेसाठी पौष पौर्णिमेला, आणि पांढरे कपडे घालायचे तर ते पिवळे करून न्यायच्या तयारीने. किल्ला तासात उरकू नका. उपळ्या बुरुजावर संध्याकाळपर्यंत थांबा, तिथून बोरीचं वळण आणि गावातले दिवे एकदम दिसतात. उतरल्यावर जुन्या गावातून पायी फिरा. आणि खंडोबाच्या दर्शनाला निघण्याआधी पहिल्या चहाच्या टपरीवर एवढं नक्की विचारून घ्या: मामा, देव सध्या कुठं हाय?