जुनी मालवाहू गाडी : डिझेल कीं पेट्रोल?

महाड-पोलादपुराकडील जे बागाईतदार जुनी पिकअप गाडी घेऊं पाहतात, ते प्रथम किंमत विचारतात. आमच्या मतें गाडी कोणत्या वाटेनें जावयाची, हें आधीं ठरवावें.

आंबेनळी किंवा वरंध घाट भरल्या ओझ्यानिशीं चढावयाचा असेल, तर डिझेल एंजिनच बरें. त्यांत ठिणगी लागत नाहीं. अत्यंत दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. यामुळें इंधन कमी लागतें आणि चाल मंद असतांहि ओढ जोरकस राहते. परंतु १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांतील पुष्कळ डिझेल गाड्यांस काजळी अडविणारी गाळणी असते. लांब, सलग धांवेंत ती तापून स्वच्छ होते. शेतावरून औद्योगिक वसाहतीपर्यंत भाजी पोंचविण्याच्या आखूड फेऱ्यांत मात्र तुंबते, आणि ती बदलण्याचा खर्च इंधनाची सारी बचत गिळतो. अशा कामास पेट्रोलच सोयीचें.

जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें होतें. त्यापूर्वीची स्थानिक गाडी असल्यास आसनाखालचा गाळ, तारांचे सांधे व विम्याचे कागद अवश्य तपासावे. पाण्यानें बिघडलेला डिझेलचा पंप व इंजेक्टर यांची दुरुस्ती फार महाग पडते. आपण येईपर्यंत एंजिन सुरू करूं नये, असें विकणाऱ्यास बजावून ठेवावें. थंड एंजिन सुरू होतांना निळा धूर निघाल्यास तें वंगण जाळीत आहे असें समजावें.