जीएसटीचं पहिलं रिटर्न कसं भरायचं?

दुकान सुरू झालं, जीएसटी नंबरही आला. पण महिनाभरात विक्रीच झाली नाही, मग रिटर्न कशाला भरायचं? अनेक नवे व्यावसायिक इथेच फसतात. विक्री शून्य असली तरी ‘निल’ रिटर्न भरावंच लागतं. नोंदणी महिन्याच्या २८ तारखेला झाली असली, तरी त्या महिन्याचं रिटर्न चुकत नाही.

कोणती रिटर्न भरायची?

दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी दोन फॉर्म असतात. जीएसटीआर-१ मध्ये विक्रीची बिलं दाखवायची, मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख. जीएसटीआर-३बी मध्ये कराचा हिशेब करून पैसे भरायचे, मुदत २० तारीख. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नचा पर्यायही निवडता येतो.

नोंदणी बंधनकारक झाल्यापासून नंबर मिळेपर्यंत झालेली विक्रीही पहिल्या रिटर्नमध्येच दाखवायची असते.

कर किती भरायचा?

समजा, ग्राहकांकडून १८,००० रुपये जीएसटी घेतला आणि माल खरेदी करताना ११,००० रुपये दिला. फरक ७,००० रुपयांचा, तेवढेच भरायचे. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात.

मात्र हातात पक्कं बिल असणं पुरेसं नाही. पुरवठादाराने ते बिल स्वतःच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं, तरच ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये येतं. हे विवरण १४ तारखेला पोर्टलवर तयार होतं. त्यात बिल नसेल, तर त्या महिन्यात क्रेडिट घेता येत नाही. म्हणून ३बी भरण्याआधी खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवून पाहा आणि राहिलेल्या बिलांसाठी पुरवठादाराला लगेच फोन करा.

उशीर झाला तर?

३बी ला उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये, निल असेल तर २० रुपये विलंब शुल्क लागतं. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं. एका महिन्याचं ३बी राहिलं, तर पुढच्या महिन्याचं जीएसटीआर-१ भरता येत नाही. सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते.

शेवटी एक काळजी

एकदा भरलेलं ३बी बदलता येत नाही. एकल मालकाला डिजिटल सहीची गरज नसते, मोबाइलवर आलेल्या ओटीपीने रिटर्न दाखल होतं. त्यामुळे ओटीपी टाकण्याआधी आकडे पुन्हा एकदा तपासा.