सिरसाळ्याचं आभाळ, वरून आणि खालून

पावसानं ओढ दिली, की परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात उपग्रहाचं चित्र मोबाइलवरून हातोहात फिरू लागतं. चित्रात अख्खा बीड जिल्हा पांढराशुभ्र आणि शिवारात सोयाबीन माना टाकतंय! मग ‘उपग्रह खोटं दाखवतो’ असं म्हणून लोक मोकळे होतात.

दोष उपग्रहाचा नाही. हे बहुधा अवरक्त चित्र असतं आणि त्यातला पांढरा रंग पाऊस नव्हे, थंडपणा दाखवतो. ढगाचा माथा जितका गार, तितका तो पांढरा. पावसाळ्यात 12 ते 15 किलोमीटर उंचीवर वारे पूर्वेकडून वाहतात. दूर पूर्वेला उसळलेल्या गडगडाटी ढगांचे हिमकणांनी भरलेले माथे ते मराठवाड्यापर्यंत ओढून आणू शकतात. हा पातळ पडदा चित्रात ठळक उठतो, पण त्यातून शेतात थेंबही पडत नाही.

मग जमिनीवरचा कॅमेरा तरी पुरता खरा का? तोही नाही. आभाळाकडे रोखलेला गोलाकार भिंगाचा कॅमेरा लाल आणि निळ्या प्रकाशाचं प्रमाण पाहून ढग ओळखतो: मोकळ्या आकाशात निळा वरचढ, ढगात दोन्ही जवळपास सारखे. सूर्याभोवतीचं धुरकट तेज मात्र त्याला ढगच वाटतं. क्षितिजाकडे ढगांच्या कडा एकमेकांआड येतात, मधल्या फटी झाकल्या जातात आणि आभाळ आहे त्याहून भरलेलं भासतं.

उलट, दुपारचे कापसासारखे छोटे पुंजके कॅमेरा सहज मोजतो. इन्सॅट-3डीआर या उपग्रहाच्या अवरक्त चित्राचा एक ठिपका मात्र सुमारे 4 किलोमीटरचा. त्यात तापलेली जमीन आणि पुंजके एकत्र मोजले जातात, आणि नोंद ‘निरभ्र’ अशी होऊ शकते.

जागेचा फरक तर सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच आहे, सिरसाळा 19 अंश उत्तरेला. त्यामुळे तिरकं पाहताना 10 किलोमीटर उंचीचा ढगमाथा नकाशावर सुमारे 4 किलोमीटर उत्तरेला सरकतो. हे सरकणं दुरुस्त न करता उपग्रहाच्या आणि कॅमेऱ्याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर गावावरचा ढग पुढच्या शिवारात मोजला जातो.

पातळ पडदा ओळखायला एक सोपी खूण आहे. दिवसा त्याच वेळेचं साध्या प्रकाशातलं चित्र शेजारी ठेवावं. अवरक्तात पांढरा असलेला पट्टा तिथं फिकट दिसला आणि खालची जमीन त्यातून डोकावली, तर त्या ढगाच्या भरवशावर फवारणी पुढं ढकलू नये.