सायकलीची बैठक आणि शिम

सायकलीच्या चौकटीचें भोंक २७.२ मिलिमीटर आणि हातीं आलेला बैठकीचा दांडा २५.४, असें झालें तर नवा दांडाच घ्यावयास हवा असें नाहीं. मधली पोकळी भरणारी धातूची चिरलेली नळी मिळते. तिला शिम म्हणतात. फरक १.८ चा, पण तो दोन्ही बाजूंस वांटला जातो. म्हणून नळीची जाडी ०.९ च हवी. इथेंच पुष्कळांचा हिशेब चुकतो! डब्याचा पत्रा गुंडाळण्याचा उद्योग मींही केला आहे. वाटेंतच बैठक खालीं घसरली. शिमची चीर चौकटीच्या चिरेशीं जुळवावी, म्हणजे पेच आवळतांना पकड नीट बसते. शिम व दांडा दोन्ही आडव्या नळीच्या सांध्याखालीं उतरलीं पाहिजेत, आणि दांड्यावरील किमान खूण आंत गेली पाहिजे. नाहींतर स्वाराचा भार चौकटीच्या तोंडाशींच पडून ती तडकण्याचा संभव असतो.