उनकेश्वरचे ऊन पाणी आणि वाफेचे टर्बाइन



भाषेच्या अभ्यासकाने यंत्राविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मला शब्दांनीच नेले. कोकणातील उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे, खानदेशातील उनपदेव, आणि आपल्या तलमडुगुच्या शिवेपलीकडे किनवट तालुक्यातील उनकेश्वर. या साऱ्या नावांत संस्कृत 'उष्ण' शब्दापासून आलेले 'ऊन' हे आपले घरगुती विशेषण आहे. भूगर्भशास्त्राचा नकाशा तयार होण्याच्या कितीतरी आधी मराठी माणसाने ऊन पाण्याच्या जागा अशा नावांनी नोंदवून ठेवल्या होत्या. शरभंग ऋषींच्या व्याधिनिवारणासाठी श्रीरामाने बाण मारून उनकेश्वरचा झरा काढला, अशी आख्यायिका आहे. आज त्या कुंडाकडे पाहणारा तरुण वेगळाच प्रश्न विचारतो : जमिनीतून फुकट ऊन पाणी येत असताना आपण कोळसा का जाळावा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजावून घेण्याजोगे आहे.

आपल्या परिसराला कोळशाची वीज परकी नाही. सिंगरेणी कंपनीचे १२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र जयपूर येथे, म्हणजे पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यात आणि २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात, उभे आहे. अशा केंद्रात वाफ माणूस तयार करतो. पाणी आधी शुद्ध करून घेतो, वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो, आणि हवा तेवढा दाब देतो. टर्बाइन म्हणजे पात्यांच्या चक्रांची माळ. वाफेचा झोत या पात्यांवरून पसरत जातो आणि चक्र फिरते. इथे यंत्राला साजेशी वाफ बनवली जाते. भूगर्भातील वाफेचा व्यवहार नेमका उलटा आहे : वाफ जशी येईल तशी पत्करायची आणि तिला साजेसे यंत्र बनवायचे.

ही वाफ सहसा १५० ते २०० अंशांची, थोड्या दाबाची आणि अंगचीच ओलसर असते. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवून दिले की, उष्णतेचा किती भाग कामात बदलता येईल हे उष्ण आणि शीत टोकांच्या तापमानांवरच ठरते. शीत टोक ४० अंशांचे धरले, तर ५४० अंशांच्या वाफेची आदर्श मर्यादा ६१ टक्क्यांच्या घरात जाते. १७० अंशांच्या वाफेची २९ टक्क्यांवर थांबते. प्रत्यक्ष यंत्र याच्याही बरेच खाली राहते. म्हणून एक मेगावॉट विजेसाठी कोळशाच्या केंद्राला ताशी तीन टनांच्या आसपास वाफ लागते, तर भूऔष्णिक केंद्राला सात ते दहा टन. वीज तेवढीच, पण नळ, झडपा, पाती, संघनक सारेच मोठे.

खरी अडचण मात्र वाफेबरोबर येणाऱ्या सोबत्यांची आहे. पहिला सोबती पाण्याचे थेंब. वाफ पसरताना थंड होते, तिच्यात थेंब धरतात, आणि शेवटच्या चक्रांच्या लांब पात्यांची टोके प्रचंड वेगाने त्यांवर आदळतात. कालांतराने पात्याची धार करवतीसारखी खडबडीत होते. शिवाय वाफेत सरासरी एक टक्का ओलावा वाढला की चक्राची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने घटते, असा बाउमानचा जुना ठोकताळा आजही वापरतात. दुसरा सोबती हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू. चांदीचा दागिना काळा पाडणारा हाच. तो तांब्याच्या विद्युत्-जोडण्या खातो आणि पोलादाला अदृश्य तडे पाडतो.

येथे अभियंत्यांपुढे एक मोठा पेच उभा राहतो. थेंबांचा मारा सोसायचा तर पाते कठीण हवे; पण पोलाद जितके कठीण, तितके ते या वायूच्या सान्निध्यात अधिक सहज तडकते. म्हणून पात्याचे अंग मुद्दाम मऊसर क्रोमियम-पोलादाचे ठेवतात, धारेपुरती स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूची पट्टी बसवतात आणि कवचात थेंब टिपून बाहेर काढणाऱ्या खाचा ठेवतात. यंत्रशास्त्रातील तडजोडीचा इतका सुंदर नमुना माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

तिसरा सोबती सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य. विभाजकातून निसटलेल्या खाऱ्या पाण्याच्या तुषारांबरोबर ती येते आणि पहिल्या चक्राच्या तोट्यांवर कठीण थर धरते. चौथा, थंड होऊनही पाणी न होणारे वायू, त्यांत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. ते संघनकात साचून निर्वात बिघडवतात. त्यांना सतत ओढून काढावे लागते आणि त्यासाठीही वाफ किंवा वीज खर्ची पडते.

यंत्र उघडल्याशिवाय आतला बिघाड ओळखणे ही वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी विद्या आहे. वीज तेवढीच मिळत असताना पहिल्या चक्रापूर्वीचा दाब महिन्यागणिक चढत असेल, तर तोट्यांत थर धरला आहे असे समजावे. थंड पाणी नेहमीसारखे असून संघनकातील निर्वात उतरला, तर वायू वाढले किंवा ते ओढणारे साधन थकले. वाफेच्या पाण्यात सोडियम अथवा क्लोराइड अधिक आढळले, तर विभाजकातून खारे तुषार निसटत आहेत. कंपन वाढले, तर पात्यांकडे संशयाने पाहावे. परंतु एकाच आकड्यावर निदान करणारा फसतो. विहिरीचा दाब, हवेचे तापमान आणि वायूंचे प्रमाण रोज बदलत असल्याने, प्रत्येक नोंद मूळ आराखड्याच्या परिस्थितीत बदलून घेतल्याखेरीज कालच्या आकड्याची आजच्याशी तुलनाच होत नाही. थर पातळ असेल तर भार उतरवून वाफेत शुद्ध पाणी फवारतात आणि चक्र फिरते ठेवूनच तो धुऊन काढतात.

या वाफेचा धसका आरंभापासूनच होता. इटलीत लार्देरेल्लो येथे पिएरो जिनोरी कोंती यांनी १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लावले. तेथेच १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे टर्बाइन सुरू झाले, पण त्यात जमिनीतील वाफ सोडलीच नाही; तिच्या उष्णतेने शुद्ध पाण्याची निराळी वाफ करून ती वापरली. पुढे धातुविद्या सुधारल्यावर वाफ थेट पात्यांवर घेतली जाऊ लागली. यंत्र सुधारले तरी विहिरी थकतात. कॅलिफोर्नियातील 'गीझर्स' या क्षेत्रात १९६० पासून वीज निघते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील वाफेचा दाब ओसरू लागला, आणि १९९७ पासून गावांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांनी नेऊन जमिनीत सोडले जाऊ लागले. खाली उष्णता होती, तुटवडा पाण्याचा होता.

आता आपल्या राज्याकडे येऊ. भद्राद्री कोत्तागुडेम जिल्ह्यात मणुगुरूजवळ सिंगरेणी कंपनीने दिल्लीच्या श्रीराम औद्योगिक संशोधन संस्थेच्या साहाय्याने २० किलोवॉटचे भूऔष्णिक प्रायोगिक केंद्र उभारले. ते २०२२ मध्ये कार्यान्वित झाले. त्यात पाण्याच्या वाफेचे टर्बाइन नाही. जमिनीतील ऊन पाणी कमी तापमानाला उकळणाऱ्या एका सेंद्रिय द्रवाला तापवते, त्या द्रवाची वाफ चक्र फिरवते आणि पुन्हा द्रव होऊन बंद नळीतच फिरत राहते. लार्देरेल्लोची १९१३ची युक्तीच येथे नव्या रूपात आली आहे. यात पात्यांना सिलिका लागत नाही, गंधकाचा वायू भिडत नाही. थर धरलाच तर तो उष्णता देणाऱ्या नळ्यांत धरतो आणि तेथे तो काढणे सोपे. वीस किलोवॉट म्हणजे काही घरांपुरती वीज. तरीही हा प्रयोग मला मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी अशाच छोट्या यंत्रावर स्वस्तात मिळतात.

मग उनकेश्वरचे काय? तेथे माणसे स्नान करतात, त्याअर्थी पाणी बेचाळीस अंश धरू. शीत टोक तीस अंशांचे मिळाले, तर आदर्श मर्यादा चार टक्क्यांहूनही कमी. सेकंदाला एक लिटर पाणी घेऊन ते बत्तीस अंशांपर्यंत निववले, तर ४२ किलोवॉट उष्णता हाती येते. तीतून आदर्श यंत्रही एक किलोवॉट वीज देणार नाही, आणि खरे यंत्र फार तर त्याच्या निम्मी देईल. ती पाणी आणि द्रव खेळवणारे पंप चालवण्यातच संपेल. त्यात आपल्याकडचा उन्हाळा असा की वैशाखात दुपारचा वारा कुंडातील पाण्याहून ऊन असतो. मग शीत टोक आणायचे कोठून? खोल विंधण घेतल्यास अधिक ऊन पाणी लागेलही, पण त्यासाठी आधी भूवैज्ञानिक पाहणी हवी. ती न करता झऱ्याच्या तोंडाशी विंधण घेतले, तर ज्या भेगेतून पाणी वर येते तिचाच दाब उतरून कुंड आटू शकते. विजेचे आश्वासन घेऊन कोणी आले, तर गावाने त्याला दोनच गोष्टी आधी विचाराव्यात : खाली तापमान किती मोजलेत, आणि वापरलेले पाणी परत कोठे सोडणार?