त्वचेची ओळख (भाग ६) : डाग वेगळा, खड्डा वेगळा

मुरुम का येतात ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ते गेल्यावर चेहऱ्यावर जे उरतं, त्याला आपण सरसकट ‘डाग’ म्हणतो. पैसे आणि वर्षं वाया जायला सुरुवात होते ती इथेच.

सकाळी खिडकीकडे बाजू करून उभे राहा. उजेड एका बाजूने गालावर पडू दे. आरशात काळसर ठिपका दिसतो, पण बोट फिरवलं तर पातळी सारखी लागते? मग तो डाग. मुरुमाच्या दाहामुळे तिथे रंगद्रव्य जास्त साचलेलं असतं. ऊन सांभाळलं, रोज सनस्क्रीन लावलं आणि मुरुम फोडायची सवय सोडली, तर असे डाग काही महिन्यांत बरेच फिके होतात. अॅझेलिक अॅसिडसारख्या मलमाने ते काम लवकर होतं. पण त्या जागी सावली पडत असेल तर तो खड्डा. तिथलं त्वचेला आधार देणारं कोलॅजेनच कमी झालेलं असतं आणि डागाचं मलम ते भरून आणत नाही.

आता दोन बोटांनी गाल हलकेच ताणा. खड्डा सपाट झाला तर त्याचा तळ खालच्या तंतूंनी ओढून धरलेला आहे, असं समजायला हरकत नाही. कापसाच्या गादीला टाका घातला की तेवढीच जागा खोल जाते ना, तसंच. वरून कितीही काही लावा, टाका सुटल्याशिवाय गादी फुगणार नाही. म्हणून डॉक्टर जागा बधिर करून त्वचेखाली सुई घालतात आणि ते तंतू तोडतात. या पद्धतीला सबसिजन म्हणतात. आठवडाभर गाल काळानिळा दिसतो, त्याला घाबरू नये. मला तर हा उपाय त्याच्या परिणामाच्या मानाने फारच कमी लोकांना ठाऊक आहे असं वाटतं. सगळे लेझरचंच विचारतात.

ताणूनही न हलणारे, दाभणाने टोचल्यासारखे अरुंद खड्डे सगळ्यांत चिवट. ते इतके खोल असतात की लेझरही बऱ्याचदा तळापर्यंत जात नाही. त्यांच्यासाठी २००२ साली कोरियातल्या डॉक्टरांनी एक पद्धत मांडली : टोकदार काडीने तीव्र ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवायचं. जागा क्षणात पांढरी होते, खपली धरते आणि भरताना नवं कोलॅजेन तयार होतं. काही आठवड्यांच्या अंतराने हे अनेकदा करावं लागतं. हे आम्ल ऑनलाइन मागवून घरी वापरणारे आहेत. कृपा करून तसं करू नका. त्याने कातडी कायमची भाजते.

रुंद, उभ्या कडांच्या उथळ खड्ड्यांवर बारीक सुयांचं मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर उपयोगी पडतं. हा लेझर सगळी कातडी न भाजता बारीक ठिपक्यांपुरता काम करतो, मधली शाबूत कातडी जखम भरून काढते. मात्र आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत उष्णतेने रंगपेशी चेतवल्या जातात आणि खड्डा कमी होताना काळा डाग उमटू शकतो. ऊर्जा कमी ठेवणार का, आधी-नंतर काय काळजी घ्यायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मुरुम अजून येत असतील तर आधी ते आटोक्यात आणा, नाहीतर एकीकडे भरायचं आणि दुसरीकडे उकरायचं असं होतं.

जबड्याच्या कडेला उंच, टणक, वाढत जाणारा वण असेल तर सुया-लेझरच्या वाटेला परस्पर जाऊ नका. तो केलॉइड असू शकतो. नुसता कापला तर अनेकदा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. त्यासाठी वणातच स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, सोबत सिलिकॉनची पट्टी. पण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं गोरेपणाचं स्टेरॉइड मलम चेहरा पातळ, लाल आणि पुन्हा मुरुमांनी भरलेला करून सोडतं.

लग्न महिन्यावर आलं की धावाधाव सुरू होते. कोलॅजेन असं घाईने तयार होत नाही. एका बैठकीचा परिणाम दिसायलाही तीन-चार महिने जातात आणि कातडी पूर्वीसारखी गुळगुळीत होईल असं वचन प्रामाणिक डॉक्टर देत नाही. खड्डे उथळ होतात, सावल्या हलक्या होतात. म्हणून पहिल्या बैठकीआधी त्याच खिडकीशी, त्याच वेळी एक फोटो काढून ठेवा. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

(पुढच्या आठवड्यात : सनस्क्रीन किती आणि कधी)