इतिहासातला हा आठवडा : १० ते १४ मे

मे महिना म्हणजे नांगरट आटोपून मृगाची वाट पाहण्याचे दिवस. बी-बियाण्याच्या पैशांची जुळवाजुळव चालू असते. या आठवड्याच्या इतिहासातही शेतकऱ्याच्या कर्जाची एक मोठी गोष्ट दडलेली आहे.

१० मे : १८५७ साली या दिवशी मीरतच्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. १८६५ साली याच तारखेला, अमेरिकेतील यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस पकडले गेले. या युद्धाच्या काळात इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल तेवढे कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र तसेच राहिले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला.

११ मे : १८८८ साली मुंबईत झालेल्या सत्कारात जोतीराव फुले यांना 'महात्मा' ही पदवी लोकांनी दिली. शेतकरी विद्येवाचून नागवला जातो, हे त्यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडले होते.

१२ मे : १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता; माणसांना इजा झाल्याचे प्रकार थोडेच. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. रोख्यात काहीही लिहिलेले असले, तरी मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

न वाचता उठवलेला अंगठा किती महाग पडतो, हे सुप्याने दाखवले. यंदा खरिपासाठी कर्ज काढताना घरातल्या शिकल्या मुला-मुलीकडून कागद वाचून घ्यावा, मगच सही करावी.

१४ मे : १६५७ साली पुरंदर किल्ल्यावर छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म झाला.

१७९६ साली याच दिवशी इंग्लंडमध्ये डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी एका आठ वर्षांच्या मुलाला देवीची पहिली लस टोचली. गवळणींना गायीच्या देवी झाल्या, की माणसाच्या देवी होत नाहीत, अशी तिकडच्या खेड्यांत समजूत होती. जेन्नरांनी एका गवळणीच्या हातावरील फोडातील लस घेऊन ती खरी ठरवली. लॅटिनमध्ये गायीला 'वाक्का' म्हणतात. त्यावरूनच 'व्हॅक्सिन' हा शब्द आला. १९८० साली जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. गोठ्यातल्या गायीचे हेही एक उपकारच!